भोईट्यांच्या हॉलचे तीन उजेड

जयसिंगकाकांच्या नव्या हॉलमध्ये केतकीचे बाबा तीन ठिकाणी बसले होते, आणि काकांच्या मते त्यांतले दोन नव्हे, तिन्ही जास्तीचे होते.

“एकही धड नाही,” काका म्हणाले. “एकाला तोंड नाही, एकाला हात नाही, आणि मधल्याला दोन्ही असून उपयोग नाही. पुसून टाक.”

“आधी भिंती जुळवाव्या लागतील,” केतकी म्हणाली. “माणसं नंतर.”

वेळ काढायला तिला एवढंच सुचलं. ते खरंही होतं, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

त्या दिवशी वास्तुशांत होती. काका रस्त्यांची कंत्राटं घेत आणि ते रस्ते दरवर्षी नव्याने करत, त्यामुळे त्यांची भरभराट कधी थांबली नव्हती. जे जे महाग मिळतं ते सगळं त्यांनी या एका हॉलमध्ये आणून बसवलं होतं. छताखाली आणखी एक खोटं छत होतं आणि त्या छतात निळे दिवे होते. भिंतीला दगडाचा आव आणणारा कागद लावला होता. जमिनीवर मार्बल होता, आणि त्याचं गाव काकी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, जणू तो त्यांच्या माहेरचा होता. पश्चिमेला भिंतभर काच होती आणि काचेपलीकडे खाली धरणाचं पाणी. ते पाणी काकांनी विकत घेतलेलं नव्हतं, पण त्यांच्या बोलण्यातून तसं वाटायचं.

सोफ्याच्या वर भिंत मोकळी ठेवली होती. तिथे भिंतीएवढा फोटो लागायचा होता.

“त्यात खानदानही दिसलं पाहिजे आणि धरणही,” काकांनी सकाळीच सांगितलं होतं. “आमच्या सोसायटीत एकाच्या घरी फोटो आहे, त्यात खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन. मी म्हटलं, हे काय, चुना लावलाय का बाहेर?”

केतकी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि तिच्याकडे चांगला कॅमेरा होता. त्यामुळे तिला जेवायचं आमंत्रण होतं आणि तिच्यामुळे बाबांना. तिने काकांना नीट समजावून सांगितलं. बाहेर ऊन आहे, आत सावली आहे. पाणी नीट दिसेल असा फोटो काढला तर माणसं काळी पडतात, माणसं दिसतील असा काढला तर खिडकी जळून पांढरी होते. म्हणून एकापाठोपाठ तीन फोटो काढायचे: एक अंधारा, एक मधला, एक लख्ख. अंधाऱ्याच्या वेळी कॅमेरा क्षणभरच उघडतो, लख्खच्या वेळी सर्वांत जास्त वेळ. मग ते एकावर एक ठेवायचे आणि प्रत्येकातलं नीट आलेलं तेवढं घ्यायचं. याला एचडीआर म्हणतात.

“म्हणजे चांगलं ते घ्यायचं आणि बाकीचं टाकून द्यायचं,” काका म्हणाले. “यात नवीन काय? मी धंदा असाच केला.”

तिन्ही फोटो एकाच जागेवरून यायला हवेत, म्हणून केतकीने स्टँड आणला होता. तो काकींनी दारातच अडवला. “त्या टोकदार पायांचं काही मार्बलवर ठेवायचं नाही. चरे पडतात.” पायांखाली एखादं पायपुसणं घालता आलं असतं. केतकीने ते मागितलं नाही. प्रयोगशाळेत तिने नखाएवढे आरसे याच हातांनी केसभर सरकवले होते. या माणसांचे तीन फोटो हातात कॅमेरा धरून काढायचे, ही तिला अवघड गोष्ट वाटली नाही. तिला त्या हॉलमधलं काहीच अवघड वाटत नव्हतं. सगळंच हलकं वाटत होतं.

सगळे खिडकीसमोर उभे राहिले. मध्ये काका आणि काकी, त्यांच्या पुढ्यात कलशावर हात धरलेले गुरुजी, एका बाजूला शैलाआत्या. बाबांना अगदी कडेला खुर्ची दिली होती आणि त्यांच्या उजव्या हातावर आत्यानेच शाल पांघरली होती, पंजा तेवढा बाहेर राहिला होता. सूतगिरणी बंद पडली त्या वर्षापासून तो हात थरथरत होता. शालीखालीही तो थरथरतच होता, आता फक्त शालही थरथरत होती.

“दत्ताच्या हातात रवी द्या,” आत्या म्हणाली, “जेवणाआधी ताक तयार.”

सगळे हसले. बाबाही हसले. केतकीला आत्याच्या बोलण्यापेक्षा ते हसणं जास्त लागलं.

ओट्यावर शेगडीवर नव्या पातेल्यात दूध ठेवलं होतं. नव्या घरात दूध उतू जायला हवं असतं, आणि फोटोत ते उतू जाताना यायला हवं, असं काकींचं म्हणणं होतं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नव्हती, त्यामुळे तेही जमण्यासारखं होतं. दूध वर आलं तशी केतकी म्हणाली, “आता हलू नका,” आणि ते ऐकून सगळे हलले. काकींनी पदर सारखा केला. आत्याने वळून दुधाकडे पाहिलं. काकांनी पोट आत ओढलं. कॅमेरा तीनदा वाजला.

त्यानंतर हॉल एकच राहायला हवा होता. तो तीनच राहिला.

तिन्ही हॉल एकमेकांवर होते, पण नीट बसलेले नव्हते. मार्बलच्या प्रत्येक सांध्याशेजारी बोटभर अंतरावर आणखी दोन सांधे होते, दाराच्या चौकटीशेजारी आणखी दोन चौकटी. अंधाऱ्या हॉलच्या खिडकीत धरणाची लाट न् लाट मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती, आणि तिच्यापुढे काजळातून कापून काढल्यासारखी माणसं उभी होती. लख्ख हॉलमध्ये माणसांच्या भुवयांचे केस दिसत होते, सोफ्याखालची धूळही दिसत होती, आणि खिडकीबाहेर काहीही नव्हतं, नुसतं पांढरं. मधला हॉल मधलाच होता. जे जे हललं होतं ते तिन्ही हॉलमध्ये वेगवेगळं होतं. फक्त गुरुजी हलले नव्हते. यजमानांच्या फोटोंसाठी कलशावर हात धरून थांबायची त्यांना इतक्या वर्षांची सवय होती, की ते भिंतींबरोबरच मोजले गेले: एकच, पण कडांना तीनदा.

घाबरलं कुणीच नाही. काकांनी स्वतःच्या तिन्ही रूपांकडे समाधानाने पाहिलं. एका काकांपेक्षा तीन काका त्यांना केव्हाही पटण्यासारखे होते.

“हे भाऊजींमुळे झालं,” मधल्या काकी म्हणाल्या. “त्यांचा हात कधी जागेवर असतो का?”

“काकी, दारही तीनदा दिसतंय,” केतकी म्हणाली. “बाबांनी दार हलवलेलं नाही.”

“मग कुणी हलवलं?”

“मी. माझ्या हातातला कॅमेरा हलला.”

काकींनी आत्याकडे पाहिलं.

“म्हणजे तुलाही आहे ते,” आत्या म्हणाली. “आत्ताच कळलं ते बरं झालं. स्थळ बघताना लपवलं असतंस तर पंचाईत झाली असती.”

केतकी कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघत होती. स्क्रीनवर प्रश्न आला होता: कशावर जुळवायचं? ज्या बिंदूवर बोट ठेवू तो जागेवर राहणार आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळून येणार. तिने देव्हाऱ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथेच ठेवतात, जड वस्तू निवडायची असते, आणि देव्हारा सागवानी होता.

तिन्ही हॉल एकमेकांकडे सरकू लागले. भरलेलं कपाट ओढताना येतो तसा आवाज झाला. अर्ध्यात ते अडकले तेव्हा काकांनी अंधाऱ्या हॉलच्या खांबाला खांदा लावला, गुरुजींनीही एका हाताने जोर दिला. दुसरा हात कलशावरच होता. मार्बलचे सांधे एकमेकांवर बसले. गुरुजींच्या कडा एक झाल्या आणि त्यांनी उपरणं नीट केलं.

पण तिन्ही हॉल जिथे एकमेकांवर येतात तेवढाच भाग उरतो, कडा जातात. हे केतकीला माहीत होतं. सांगायचं राहून गेलं होतं. डावीकडची कड गेली, आणि तिच्याबरोबर बाहेरचं दार, चपलांचं कपाट आणि लिफ्टही गेली. उजवीकडे बाबांच्या खुर्चीच्या मागच्या पायापाशी कड थांबली. त्यापुढे काहीच नव्हतं, अंधारही नव्हता.

“आता जायचं कुठून?” आत्याने विचारलं.

“जायची काय घाई आहे, वन्सं?” काकी म्हणाल्या. “अजून जेवणं व्हायचीत.”

भिंती एक झाल्या, माणसं तीन तीन राहिली. स्क्रीनवर पुढचा प्रश्न आला: हललेलं पुसायचं? केतकीने आधी पडद्यावर करून पाहिलं, कारण पडद्याला नातेवाईक नव्हते. खिडकीचा पडदा वाऱ्याने उडाला होता आणि तीन जागी होता. तिने त्याच्यावर बोट ठेवलं. पडद्यामागची काच पुढे आली आणि पडदा राहिला नाही. फोटोतून गेला, तसाच खिडकीवरूनही गेला. वरच्या दांडीत नुसत्या कड्या उरल्या.

“पडदा कुठे गेला?” काकींनी विचारलं.

“हलला होता,” केतकी म्हणाली.

त्यानंतर बराच वेळ कुणी हात हलवला नाही. काकींनी नाकाशी आलेली माशीसुद्धा हाकलली नाही.

“आता आमचं घे,” काका म्हणाले. ओठ न हलवता बोलायचा ते प्रयत्न करत होते. “मी सांगतो तसं.”

काकांचं काम सोपं नव्हतं. पहिल्या फोटोच्या वेळी त्यांनी पोट आत ओढलं होतं, दुसऱ्यापर्यंत ते निम्मं सुटलं होतं आणि तिसऱ्याच्या वेळी काकांनी नाद सोडला होता. पण चेहरा तिसऱ्यात चांगला होता.

“पोट त्याचं घे,” काकांनी अंधाऱ्या काकांकडे डोळ्यांनी खूण केली, “आणि तोंड याचं.”

“जोड दिसेल काका.”

“रस्त्याचा जोड दिसत नाही मला, गळ्याचा काय दिसतोय?”

केतकीने तसं केलं. काजळाच्या अंगावर लख्ख तोंड बसलं, आणि तोंडाभोवती पांढरी रेघ उमटली, टाळूपासून कानांपर्यंत.

“हे तेज कसलं?”

“दोन उजेड नीट जुळले नाहीत की कडेला पांढरं येतं.”

“राहू दे,” काका म्हणाले. त्यानंतर ते मान सांभाळून उभे राहिले. अंगावरून ओवाळून घ्यावं असा त्यांचा एकूण आविर्भाव होता.

काकींनी तिघींकडे पाहिलं आणि क्षणात लख्ख काकी निवडल्या. त्या काकींचा रंग दुधासारखा होता आणि चेहऱ्यावर एकही सुरकुती नव्हती. नाकही नव्हतं. उजेड तिथे इतका पडला होता, की नाकाच्या जागी गालासारखंच सपाट पांढरं होतं, आणि त्याच्यापुढे नथ एकटी लोंबत होती.

“काकी, नाक गेलंय यात.”

“नथ आहे ना?”

“नथ आहे.”

“मग झालं. लोक नथच बघतात.”

उरलेल्या दोन काकींच्या जागी मागची खिडकी आली. अंधाऱ्या काकी जाताना नथ सावरून गेल्या. त्यांना बहुधा अपेक्षा होतीच.

आत्याला तिन्हींत आपली पाठ दिसत होती, कारण ती तिन्ही वेळा दुधाकडेच बघत होती, दर वेळी जरा जास्त. तिने बराच विचार करून जिच्या गळ्यातला हार मागून का होईना दिसतो ती निवडली. दुसरी आत्या म्हणाली, “अगं, मी—” आणि तिच्या जागी खिडकी आली. दूध पहिल्यात काठाखाली होतं, दुसऱ्यात काठाशी, तिसऱ्यात शेगडीवर. ते काकींनी तिसरंच घेतलं.

“झालं,” काका म्हणाले. “आता दत्ता. तिन्ही पुस.”

सगळे कडेच्या खुर्चीकडे बघू लागले. खुर्ची एकच होती. बाबा तीन होते, कारण ते हललेले होते.

“मी पुसलं की बाबा राहणार नाहीत,” केतकी म्हणाली.

“फोटोत नाही राहणार. घरी आहेतच की.”

“पडदा घरी आहे का?”

काकांनी दांडीवरच्या कड्यांकडे पाहिलं. मग त्यांनी असं पाहिलं, की जणू पडदा आणि भाऊ असे शेजारी ठेवून बघायचं आधी कसं मनात आलं नाही.

“भाऊजींना फोटोची हौस कधी नव्हतीच,” काकी म्हणाल्या. नाक नसल्यामुळे त्यांचा आवाज चपटा येत होता.

“गुरुजी, तुम्ही सांगा,” आत्या म्हणाली. “शास्त्राला धरून काय ते.”

गुरुजींनी कलशाकडे बघत विचार केला. “वास्तूला यजमान आणि यजमानीण लागतात,” ते म्हणाले. “भाऊबंद असले तर उत्तम. नसले तर त्यांच्या जागी सुपारी चालते.”

“सुपारी आहे,” काकी म्हणाल्या.

केतकी खुर्चीपाशी गेली. “बाबा, तुम्ही बोला काहीतरी.”

“पुस,” अंधारे बाबा म्हणाले. त्यांचा फोटो सर्वांत कमी वेळ उघडा होता, त्यांना एवढंच बोलता येत होतं.

“दादांचं बरोबर आहे, पुसून टाक,” मधले बाबा म्हणाले.

“पुसून टाक बाळ,” लख्ख बाबा म्हणाले, सावकाश, “दादांचं बरोबर आहे, एवढ्या मोठ्या भिंतीवर आपलं काय काम, लोक येणार, विचारणार हे कोण, मग दादांना सांगत बसावं लागणार, त्यांना कशाला तो ताप, तू जेवून घे आधी, सकाळपासून उपाशी आहेस, आणि कॅमेरा जपून ने, पट्टा जरा सैल झालाय त्याचा...” ते बोलत राहिले.

केतकीला काकांच्या छताची चीड होती, काकींच्या मार्बलची होती, आत्याच्या हाराची होती. पण या तीन माणसांनी मिळून जी एक मान खाली घातली होती तिच्याइतकी चीड तिला कशाचीच आली नाही. ती वाकली. एकेका बाबांना कुठून पुसायला सुरुवात करता येईल, हेही तिने त्या रागात पाहून घेतलं. म्हणून तिला हात नीट दिसला.

लख्ख बाबांचा चेहरा स्वच्छ होता. डाव्या भुवईतली खोच, हनुवटीवर दाढी करताना राहिलेले दोन केस. पण शालीबाहेर हात नव्हता, नुसता धूर होता. फोटो इतका वेळ उघडा होता, की तेवढ्यात हात सगळीकडे जाऊन आला होता. मधल्या बाबांना एका मनगटातून तीन-चार हात फुटले होते. आणि अंधाऱ्या बाबांना चेहरा मुळीच नव्हता, पण त्यांचा हात स्तब्ध होता. त्या फोटोच्या वेळी कॅमेऱ्याची कवाडं थरथरीपेक्षा जलद उघडून मिटली होती. कडेने खिडकीचा उजेड लागला होता तेवढ्यात नखं दिसत होती, फुगलेली शीर दिसत होती, अंगठ्याजवळ सुताने पडलेला जुना घट्टा दिसत होता. असं का होतं, हे केतकी पेपरात आकृती काढून लिहू शकली असती. तो हात तिने सूतगिरणीचा भोंगा बंद झाल्यापासून असा एकदाही पाहिलेला नव्हता.

म्हणजे माणूस पूर्ण होता. तो फक्त चुकीच्या गोष्टीवर जुळवला होता.

तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं. देव्हारा स्थिर होता, कारण तिने त्याच्यावर बोट ठेवलं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. तो सागवानी होता म्हणून तिने त्याला स्थिर धरलं आणि मग सगळ्या हॉलने मिळून बाबांना हललेलं ठरवलं, आणि हे सगळं तिने, एम.एस्सी. होऊन, स्वतःच्या बोटाने केलं.

“काय गं, किती वेळ?” काका म्हणाले. “मान अवघडली.”

“एक दुरुस्ती राहिलीय,” केतकी म्हणाली, आणि तिने पहिल्या प्रश्नावर परत जायची कळ दाबली.

तिन्ही हॉल एकमेकांपासून सुटले. पडदा दांडीवर आला. काकांचं लख्ख तोंड काजळाच्या पोटापासून निघालं आणि आपल्या सुटलेल्या पोटावर जाऊन बसलं. काकींना दोन ठिकाणी नाक आलं. दुसरी आत्या म्हणाली, “...म्हणत होते, दूध गेलं.”

“अगं, हे काय करतेस?” तिन्ही काका म्हणाले.

कशावर जुळवायचं? स्क्रीनवर पुन्हा आलं. केतकीने बोट बाबांच्या हातावर ठेवलं.

या वेळी खुर्ची हलली नाही. हॉल खुर्चीकडे यायला निघाले. अंधारा हात मधल्या हातात शिरला, मधला धुरात शिरला, आणि धूर कपड्याची घडी बसावी तसा त्या एका हाताच्या आकारात बसला. त्यामागून मनगट आलं, मग खांदा, मग चेहरा. बाबा एक झाले. त्यांनी शालीतून हात काढून मांडीवर पालथा ठेवला आणि तो आपला नाही, कुणीतरी ठेवायला दिलाय, अशा नजरेने ते त्याच्याकडे बघत राहिले. हात हलत नव्हता.

हॉल हलत होता. थरथर कुठेतरी जायलाच हवी होती, ती सगळीकडे गेली. मार्बलचे सांधे एकमेकांवर घासत होते. देव्हारा तीन जागी खडखडत होता आणि आतले देव एकमेकांवर आपटत होते. छतातल्या निळ्या दिव्यांची रांग लटपटली आणि तिच्या तीन रांगा झाल्या. गुरुजी आयुष्यात पहिल्यांदा फोटोत हलले. तीन गुरुजी तीन कलश धरायला वाकले. काकींनी सोफ्याची पाठ धरली, पण सोफाही धरण्यासारखा राहिला नव्हता. खिडकीबाहेर धरणाचं पाणी काठाशी हिंदकळत होतं.

आणि कडा आत येत होत्या. आता तिन्ही हॉल एकमेकांवर येत होते ते फक्त खुर्चीच्या आसपास. ओटा गेला, शेगडी गेली, दूध कोणत्या पातेल्यात होतं हा प्रश्नच गेला. मोकळी ठेवलेली भिंत सोफ्याच्या टोकापासून खायला सुरुवात झाली होती. सगळे भोईटे खुर्चीच्या बाजूला सरकले, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

“केतके, थांबव हे,” लख्ख काका म्हणाले. “कोण हलवतंय?”

“तुम्हीच हलताय काका.”

“मी कसा हलेन? मी इथला मालक आहे.”

“बाबा स्थिर आहेत,” केतकी म्हणाली. “त्यांच्याकडे बघून सांगा कोण हलतंय ते.”

तिन्ही काकांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. त्यांना ते बघायची सवय नव्हती, त्यामुळे आधी खुर्ची बघून मग वर यावं लागलं. दिसलं ते त्यांना पटलं असावं, कारण अंधाऱ्या काकांनी दोन्ही हात पोटाशी बांधून घेतले.

“दत्ता,” मधले काका म्हणाले. “तू सांग हिला. तुझं ऐकेल.”

“माझं कुठे कुणी ऐकतं, दादा?” बाबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांचा आवाज सपाट आणि पूर्ण होता, मध्ये कुठे तुटत नव्हता.

“वन्सं, तुम्ही बोला ना,” काकी म्हणाल्या.

“मी काय बोलू, वहिनी?” तीन आत्या म्हणाल्या. “मला तर ती आवडतेच पहिल्यापासून. हुशार आहे. बापावर गेलीय.”

स्क्रीनवर दुसरा प्रश्न आला: हललेलं पुसायचं? खाली कॅमेऱ्याने हललेल्या सगळ्याभोवती पिवळ्या चौकटी काढून दाखवल्या होत्या. काकांभोवती तीन, काकींभोवती तीन, आत्या, गुरुजी, देव्हारा, सोफा, धरण. खुर्चीभोवती चौकट नव्हती. सगळ्यांना एकदम पुसायचीही सोय होती. कॅमेरा चांगला होता.

“केतकीबाई,” काका म्हणाले. तिला अशी हाक त्या घरात कुणी मारली नव्हती. “एक काहीतरी राहू द्या. पोटाचा धरा, तोंडाचा धरा, तुम्हाला योग्य वाटेल तो धरा. कडेला बसतो मी.”

“कडेला जागा नाही काका,” केतकी म्हणाली, आणि ते खरं होतं. कड तीन काकींच्या पदरांना लागली होती.

तिने कॅमेरा डाव्या हातात घट्ट धरला आणि उजवा अंगठा काकांच्या चौकटींवर आणला. अंगठा थरथरत होता. एकदा तो लख्ख काकांवर जाई, एकदा अंधाऱ्या, एकदा चौकटीबाहेर, धरणावर. तिने श्वास धरून पाहिला, कोपर बरगडीला टेकवून पाहिलं. प्रयोगशाळेत एवढ्याने जमायचं.

तेव्हा बाबा खुर्चीतून जरासे पुढे झाले आणि त्यांनी उजव्या हाताने तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती आणि तिच्यात कंप अजिबात नव्हता. अडवायला धरलं होतं की आधाराला, ते पकडीवरून कळत नव्हतं. अंगठा थांबला. तो काचेपासून केसभर वर होता आणि बरोबर खाली तीन काका होते, तिघांनीही पोट आत ओढलेलं.